जुन्या डेस्कटॉपला नवं ग्राफिक्स कार्ड: आधी डबा उघडा, मग दुकान गाठा

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकरोडला बहिणीकडे गेलो होतो. चहा होतो न होतो तोच भाचा मोबाइल घेऊन शेजारी बसला. "मामा, कार्ड ठरवलंय. तू फक्त बसवून दे." त्याने दाखवलेलं आरएक्स ६६०० हे कार्ड म्हणून उत्तमच होतं. मी म्हटलं, "आधी स्क्रू ड्रायव्हर आण. तुझा सीपीयू उघडून बघू."

टेबलाखालून डबा ओढला, बाजूचा पत्रा काढला आणि एसएमपीएसवरचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या पेटीवरचं) लेबल ओल्या फडक्याने पुसलं. मोठ्या अक्षरात ४५० वॅट. त्याखाली बारीक तक्ता, आणि त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात १६ ॲम्पिअर. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही आपली वीज मुख्यतः याच १२ व्होल्टच्या वाटेने घेतात. भाच्याचा प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय५-४५९०, तो ८४ वॅटचा. आरएक्स ६६०० एकटं १३२ वॅटचं. बेरीज २१६. लेबलवर ४५० लिहिलेलं असलं तरी तो एसएमपीएस हा भार उचलू शकला नसता.

जुन्या बजेट पीसीच्या बाबतीत कार्ड आपण निवडत नाही. एसएमपीएस, मदरबोर्ड आणि कॅबिनेट हे तिघं मिळून ते निवडतात, आपण फक्त त्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्यायचं. म्हणून या लेखात कार्डांची नावं बरीच खाली येतील. त्याच क्रमाने गेलात तर पैसे वाया जाणार नाहीत.

कार्डाने खरंच फरक पडेल का?

पीसी चालू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, ब्राउझर उघडताना अडकतो, एवढीच तक्रार असेल तर ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. आत अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर साधी साटा एसएसडी बसवा. रोजच्या कामात जाणवणारा फरक तिच्याने पडतो, आणि तोही कार्डापेक्षा कितीतरी कमी पैशांत. रॅम ८ जीबीची एकच पट्टी असेल तर त्याच मापाची दुसरी टाका. दोन पट्ट्यांवर मेमरी ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन वाटांनी चालते.

गेमसाठी किंवा ब्लेंडरसारख्या थ्रीडी कामासाठी कार्ड हवं असेल, तर एक फुकटची चाचणी आधी करा. जो गेम अडखळतो तो सुरू करून रिझोल्यूशन अगदी खाली आणा आणि सगळ्या सेटिंग लो ठेवा. फ्रेम (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) भराभर वाढल्या तर अडचण ग्राफिक्सची आहे आणि कार्डाचा उपयोग होईल. फ्रेम जिथल्या तिथे राहिल्या आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्क्यांना टेकलेला दिसला, तर नवं कार्ड आणूनही तेवढ्याच फ्रेम मिळतील. दोन कोरच्या जुन्या आय३ मध्ये हे हमखास होतं. तिथे त्याच बोर्डावर बसणारा जुना आय५ किंवा आय७ सेकंड हँड शोधणं जास्त शहाणपणाचं.

विंडोजचाही विचार आत्ताच करा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. म्हणजे चौथ्या-सहाव्या पिढीच्या मशीनवर फार मोठी रक्कम लावू नये. घेतलेलं कार्ड उद्या नव्या पीसीतही नेता येईल, असंच घ्यावं.

एसएमपीएस: इथे काटकसर नको

आपल्याकडे असेंबल केलेल्या बहुतेक स्वस्त पीसींत कॅबिनेटबरोबर आलेलाच एसएमपीएस असतो. त्यावरचा मोठा आकडा विसरा, १२ व्होल्टची ओळ वाचा. ॲम्पिअरला १२ ने गुणलं की खरी ताकद कळते. त्यातही दहा वर्षं तापून कपॅसिटर म्हातारे झालेले असतात, म्हणून लेबलवरच्या ताकदीचीही पूर्ण आशा धरू नका.

मदरबोर्डाच्या लांब पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. कार्डाची भूक त्याहून मोठी असेल तर एसएमपीएसमधून वेगळी वायर यावी लागते. ६ पिनची वायर आणखी ७५ वॅट देते, ८ पिनची १५०. जुन्या एसएमपीएसला अशी वायर बहुधा नसतेच. मग दुकानदार एक छोटा अडॅप्टर हातात ठेवतो: एका टोकाला साटाची पॉवर पिन, दुसऱ्या टोकाला ६ पिन. तो घेऊ नका. साटाचा पॉवर कनेक्टर १२ व्होल्टवर साधारण ५४ वॅटसाठीच बनवलेला असतो आणि ६ पिनवर कार्ड ७५ पर्यंत ओढू शकतं. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या पीसीत शहरातल्या एका दुकानातून असाच अडॅप्टर लावून आला होता. तीन आठवड्यांनी खोलीत जळका वास यायला लागला म्हणून त्याने मला बोलावलं. उघडून पाहिलं तर साटाच्या कनेक्टरचं काळं प्लास्टिक वितळून पिनांवर चढलं होतं आणि शेजारची पिवळी वायर तपकिरी पडली होती. मशीन वाचलं, कारण तो वेळीच उठून बटण बंद करायला गेला.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. कार्डाला वेगळी वायर लागणार असेल तर नवा एसएमपीएस घ्याच, आणि लागणार नसेल तरी जुना दहा वर्षांचा असेल तर बदला. चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र) असलेला, ४५० वॅटचा आणि ६+२ पिनची किमान एक वायर असलेला एसएमपीएस अशा पीसीला भरपूर होतो.

ऑफिसमधून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपी प्रोडेस्क घेतले असतील तर आणखी सावध राहा. यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये मदरबोर्डाला नेहमीची २४ पिनची वायर लागत नाही, कंपनीची स्वतःची वेगळी पिन असते. ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या टॉवरमध्ये २९० वॅटचा एसएमपीएस आहे आणि बोर्डावर ८ पिनचा कनेक्टर. साधा एसएमपीएस लावायचा तर त्या मॉडेलसाठीची कन्व्हर्टर वायर शोधावी लागते. अशा मशीनला वायर न लागणारं, ७५ वॅटच्या आतलं कार्ड हाच सरळ मार्ग.

एक गोष्ट अर्थिंगची. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, असं खूप घरांत ऐकतो. जुन्या घरांमध्ये तिसरी पिन नुसतीच असते, तिला अर्थिंग जोडलेलंच नसतं. नवं कार्ड आणण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्या. मान्सूनच्या तोंडावर आपल्याकडे विजा कडाडतात आणि लाइट ये-जा करते, तेव्हा हे फार महत्त्वाचं. यूपीएस असेल तर त्याचीही क्षमता पाहा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. आणि नव्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी असेल, तर स्क्वेअर वेव्हच्या स्वस्त यूपीएसवर लाइट गेल्या क्षणी पीसी बंद पडू शकतो.

बोर्डावरचा रस्ता किती रुंद?

सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि मेनबोर्डच्या टॅबमध्ये चिपसेटचं (बोर्डावरच्या मुख्य चिपचं) नाव वाचा. भाच्याच्या बोर्डावर एच८१ निघाला. हे कळणं फार गरजेचं होतं, कारण चौथ्या पिढीचा प्रोसेसर पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा असला तरी एच८१ बोर्डावर तो लांब स्लॉट २.० च्याच वेगाने चालतो. बी८५ असता तर ३.० मिळाला असता.

याचा अर्थ समजून घ्या. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातला रस्ता लेनचा असतो. २.० मध्ये एका लेनवरून सेकंदाला साधारण ५०० एमबी जातात, ३.० मध्ये सुमारे १ जीबी, ४.० मध्ये सुमारे २ जीबी. जुनी कार्डं १६ लेन वापरत. अलीकडच्या स्वस्त कार्डांत कंपन्यांनी लेन कमी केल्या आहेत. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही कार्डं फक्त ४ लेनची आहेत. ४.० च्या बोर्डावर त्यांना सुमारे ८ जीबीचा रस्ता मिळतो, एच८१ वर जेमतेम २ जीबीचा. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की उरलेला माल याच अरुंद रस्त्याने रॅममधून आणावा लागतो आणि गेम झटके खायला लागतो. नव्या मशीनवर चाचणी केलेले व्हिडिओ पाहून हे कार्ड घेतलेली मंडळी इथेच फसतात.

इंटेल आर्कची कार्डंही जुन्या पीसीला घेऊ नयेत. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय नसेल तर त्यांचा वेग बराच पडतो, आणि चौथ्या-सहाव्या पिढीच्या बोर्डांवर ती नसते.

टेप आणि मॉनिटरची मागची बाजू

कॅबिनेटच्या मागच्या पत्र्यापासून पुढच्या हार्ड डिस्कच्या खणापर्यंतचं अंतर शिंप्याच्या टेपने मोजा. एका पंख्याची कार्डं बहुधा १७ ते २० सें.मी. असतात, दोन-तीन पंख्यांची त्याहून लांब. स्लॉटच्या खाली कोणते कनेक्टर आहेत तेही बघा. स्वस्त बोर्डांवर साटाच्या पिना कार्डाच्या बरोबर खाली येतात. कॅबिनेट बारीक, आडवं ठेवायचं असेल तर लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्ड लागेल, आणि त्याची आखूड पट्टी खोक्यात आहे का ते घेतानाच विचारा.

आता मॉनिटर. त्याला फक्त निळी व्हीजीए पिन असेल, तर नव्या कार्डावर ती कुठेच मिळणार नाही. तिथे एचडीएमआय किंवा डिस्प्ले पोर्ट असतो. आत चिप असलेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर घ्यावा लागेल, नुसती वायर चालत नाही.

मग कार्ड कोणतं?

जीटीएक्स १०५० टीआय अजूनही सेकंड हँड बाजारात फिरतं. मी ते आता सुचवत नाही. एनव्हीडियाने या पिढीचे नियमित गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले आहेत, पुढे केवळ सुरक्षेचे अपडेट येतात. जीटी ७१० किंवा ७३० ही मॉनिटर जोडण्यापुरतीच, गेमसाठी नाहीत.

२०१९ चं जीटीएक्स १६५० हे १६ लेनचं, ७५ वॅटचं आणि ४ जीबीचं कार्ड. जुन्या बोर्डाला ते फार छान जुळतं. मात्र याच्या काही मॉडेलना ६ पिनची वायर लागते, काहींना नाही, म्हणून खोक्यावरचा फोटो पाहूनच घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल ७० वॅटचं आहे, त्याला बहुतेक वेळा वेगळी वायर लागत नाही, आणि लो प्रोफाइलमध्येही मिळतं. ते ८ लेनचं, त्यामुळे एच८१ वर ४ जीबीचा रस्ता मिळतो. १०८० रिझोल्यूशनला ६ जीबी मेमरीच्या आत राहिलं तर तेवढ्यावर भागतं. भाच्याला ब्लेंडर शिकायचं आहे, आणि ब्लेंडरच्या सायकल्स रेंडरमध्ये आरटीएक्स कार्डाला ऑप्टिक्स या एनव्हीडियाच्या रेंडर वेगाने करणाऱ्या सोयीचा फायदा मिळतो. म्हणून त्याच्यासाठी आम्ही हेच ठरवलं. दुकानात मागताना '६ जीबी' हे शब्द ठासून सांगा. ८ जीबीचं ३०५० वेगळंच कार्ड आहे, ते १३० वॅटचं.

नवा एसएमपीएस घेणारच असाल आणि बोर्ड ३.० चा असेल, तर आरएक्स ६६०० कडे जा. सहाव्या पिढीच्या चार कोरच्या आय५ पुढे त्याहून मोठं कार्ड घेतलं तर ते बराच वेळ प्रोसेसरची वाट पाहत बसेल.

नाशकात घेताना

एमजी रोड आणि कॅनडा कॉर्नरच्या आसपासच्या दुकानांत चार ठिकाणी भाव विचारा, ऑनलाइन किंमत समोर ठेवून बोला. पंचवटीने दादर आणि तिथून लोकलने ग्रँट रोड, असं करून लॅमिंग्टन रोडला जाणारे खूप आहेत. तिथे पर्याय जास्त, हे खरं. पण एका कार्डासाठी मी जात नाही. कार्ड बिघडलं तर ते परत कुणाच्या हातात द्यायचं, हा प्रश्न भावातल्या फरकापेक्षा मोठा. जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या. नुसत्या चिठ्ठीवर वॉरंटी मागताना दमछाक होते.

सेकंड हँड घेणार असाल तर कार्ड चालू पीसीतच पाहा. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर चालवा. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून विकलेली नकली कार्डं ते सहसा ओळखतं आणि नावाआधी 'फेक' असं दाखवतं. जीटीएक्स १०५० टीआय म्हणून दाखवलेल्या कार्डाला व्हीजीए पिन दिसली की तिथूनच उठा. आरएक्स ५८० च्या नावापुढे '२०४८एसपी' असेल तर ते प्रत्यक्षात ५७० च्या ताकदीचं असतं. पंधरा-वीस मिनिटं गेम चालवून पंख्यांचा आवाज ऐका, पडद्यावर चौकोनी ठिपके येतात का बघा, आणि स्क्रूंच्या खाचा झिजल्यात का तेही. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली, त्यातली काही अजून हातोहात फिरताहेत.

बसवण्याचा दिवस

अर्धा दिवस मोकळा ठेवा. महत्त्वाच्या फायली आधी पेन ड्राइव्हवर घ्या आणि नव्या कार्डाचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवा.

पीसी बंद करून भिंतीतली पिन काढा. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेट गॅलरीत नेऊन ब्लोअरने धूळ उडवा, पण पंख्यात बोट घालून तो धरून ठेवा. हवेने गरागरा फिरू दिला तर बेअरिंग खराब होतं. प्रोसेसरची पेस्ट इतक्या वर्षांत कधीच बदलली नसेल तर आजच बदला. एसएमपीएस बदलायचा असेल तर तोही कार्डाच्या आधी. जुन्या वायरी काढण्यापूर्वी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा.

डबा टेबलावर आडवा झोपवा. थंडीत नाशकाची हवा कोरडी असते, लोकरीचा स्वेटर घालून हे काम करू नका. दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावत राहा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज उतरते.

प्रोसेसरच्या जवळचा सगळ्यात लांब स्लॉट आपला. त्याच्या समोरच्या मागच्या पट्ट्या काढायच्या. जाड कार्डाला दोन लागतात. स्वस्त कॅबिनेटमध्ये त्या तुकडा मोडून काढाव्या लागतात. पक्कडीने मागेपुढे हलवा आणि बोटं सांभाळा, कडा ब्लेडसारख्या असतात. स्लॉटच्या टोकाची छोटी खिट्टी बाहेर ढकला. कार्ड दोन्ही कडांना धरा, सोनेरी दातांना हात नको. दात स्लॉटवर सरळ टेकवून दोन्ही बाजूंनी सारखा दाब द्या. भाचा दाब द्यायला घाबरत होता. मी त्याचे अंगठे कार्डाच्या दोन टोकांना ठेवले आणि म्हटलं, "आता अंगाचा भार दे, हाताचा नको." खिट्टी टक्‌ करून वर आली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. मग मागच्या पट्टीला स्क्रू लावा. स्क्रू नसेल तर कार्ड वजनाने झुकतं आणि हळूहळू सैल होतं.

वेगळी वायर असेल तर आत्ताच जोडा. प्रोसेसरची ४+४ पिन आणि कार्डाची ६+२ पिन दिसायला भावंडं, पण आतली जोडणी उलटी असते. बसत नसेल तर जोर लावू नका.

शेवटी मॉनिटरची वायर कार्डात लावा, बोर्डाच्या जुन्या पिनेत नाही. नवं कार्ड बसवूनही जुन्याच पिनेत वायर ठेवून 'काहीच फरक नाही' म्हणणारे फोन मला दर वर्षी येतात.

पडदा काळाच राहिला तर

घाबरू नका. कार्ड आणि रॅम दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा, कार्डाची वेगळी वायर तपासा. तरीही चित्र नसेल तर कार्ड काढून जुन्या पिनेवर पीसी सुरू करा, बायोसमध्ये (पीसी सुरू होताना चालणाऱ्या बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन पहिला डिस्प्ले पीईजी, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट, करा. एच६१ सारख्या बोर्डांवर बायोस जुना असला तर नवं कार्ड ओळखलं जात नाही. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलचा नवा बायोस असेल तर तो टाका, आणि टाकताना लाइट जाणार नाही अशी वेळ निवडा. बोर्डावरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं काढून परत लावली की बायोस मूळ जागी येतो. ती जुनी असतेच, त्याच वेळी नवी टाका.

ड्रायव्हर, चाचणी आणि मे महिना

आधी दुसरं कार्ड होतं तर डीडीयू नावाच्या सॉफ्टवेअरने सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर पुसा, मग नवा टाका. जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेसची ओळ पाहा. पीसी रिकामा असताना ती १.१ असं दाखवेल, त्यावरून घाबरू नका. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट सुरू केली की खरा वेग दिसतो. आमच्याकडे ८ लेन आणि २.० दिसलं, अपेक्षेप्रमाणे.

अर्धा तास नेहमीचा गेम चालवा आणि तापमान बघत राहा. ८० अंशांच्या आत राहिलं तर ठीक. पण ही चाचणी थंडीत झाली असेल तर मे महिना लक्षात ठेवा. नाशकात पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर जातो. पुढून हवा घेणारा १२० मि.मी.चा एक पंखा लावा, आणि कॅबिनेट टेबलाच्या बंद खणात असेल तर बाहेर काढा.

मागच्या काढलेल्या पट्ट्या, उरलेले स्क्रू आणि बिलाची झेरॉक्स एका छोट्या पिशवीत घालून आम्ही कॅबिनेटच्या आत खालच्या कोपऱ्यात टेपने चिकटवली आणि मगच बाजूचा पत्रा लावला.